बाईंचं काळीज

सडेवाडी, ता. पोलादपूर
२४ जून २०२५

प्रिय शर्मिला,

गेल्या श्रावणात इथे दरड कोसळली, तेव्हा मी तुला लिहिलेल्या पत्रात दोन गोष्टी चुकीच्या आहेत. त्या आधी दुरुस्त करते.

मी लिहिलं होतं की काहीही कारण नसताना माझं काळीज धडधडायला लागलं, म्हणून मी वाडीतल्या सगळ्यांना हाका मारून शाळेत बोलावलं. मी कुणालाही हाक मारली नव्हती. आणि कारण होतं.

त्या दिवशी दुपारी बायजाने खिचडीसाठी झऱ्यावरून हंडा भरून आणला. बायजा म्हणजे शाळेत मुलांचं जेवण रांधते ती. हंड्यातलं पाणी ती पदराने पातेल्यात गाळत होती. मी सहज पाहिलं तर पाणी तांबडं, गेरू कालवल्यासारखं. आमचा झरा भर पावसातसुद्धा गढूळ होत नाही. पोलादपूरला शिक्षकांच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं, डोंगरातलं नितळ पाणी एकाएकी तांबडं झालं तर आतली माती सुटते आहे असं समजा आणि जागा सोडा. ते आठवलं आणि माझ्या छातीत सुरू झालं. 'सगळ्यांना बोलवा' एवढंच सांगायचं होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. मी खांबाला धरून खाली बसले. बायजाने माझं मनगट धरून पाहिलं आणि अंगणात जाऊन बोंब ठोकली, "अवो धावा, बाई चालल्या! काळीज कसं उडतंय बगा!"

लोक धावत आले ते मी मरते आहे की काय ते बघायला. घरं रिकामी झाली ती तेवढ्यासाठी. सगळे शाळेत माझ्याभोवती उभे असताना समोरचा डोंगर खाली आला. भैरूआबांचा गोठा आणि दोन घरांच्या मागच्या भिंती गेल्या. माणूस एकही गेलं नाही.

भैरूआबा वाडीतले सगळ्यांत जुने, त्यांचा शब्द इथे चालतो. दुसऱ्या दिवशी ते येईल त्याला सांगत होते, "आदी बाईचं काळीज बोललं, मंग डोंगूर बोलला." सगळे तसंच सांगत होते आणि मलाही तसंच आठवायला लागलं. परवा बायजा हंडा घेऊन आली, माझी नजर पाण्यावर गेली, आणि सगळं पुन्हा डोळ्यांपुढे आलं.

हे आता का लिहिते ते सांगते. यंदा पाऊस लागल्यापासून माझं काळीज रोज उडतं. फळ्यावर लिहिताना, भात उकळताना, कधी नुसती बसले असताना. छातीत कोणीतरी दार ठोठावल्यासारखं होतं, मग एक ठोका चुकतो, आणि त्या चुकलेल्या जागी मला वाटतं, आता पुढचा येणार नाही. हाताला मुंग्या येतात. मी खोलीत एकटी असते. दाराची कडी मी लावत नाही, उगीच लोकांना दार फोडायला लागू नये.

आणि रोज संध्याकाळी भैरूआबा ओट्याशी येऊन विचारतात, "काय बाई, काळीज कसं हाय?"

"बरं आहे, आबा."

"मंग निजतो निवांत."

शाळेच्या दाराला तहसीलचा कागद लावला आहे. मुसळधार पावसाचा इशारा आला की सर्वांनी शाळेत यावं, कारण शाळा पलीकडच्या सोंडेवर कातळावर आहे. आबा म्हणतात, "कागद काय, रोज लावतील. बाईचं काळीज खोटं नाय बोलत."

मला हृदयाचा आजार असेल का गं? तू दवाखान्यात रोज ईसीजीच्या पट्ट्या काढतेस, तुला कळत असेल. फोनवर विचारलं असतं, पण रेंज खिंडीतच येते आणि तिथे चार माणसं कान देऊन उभी असतात. हे पत्र चांगूच्या दुधाच्या जीपमधून पाठवते. उत्तरही त्याच्याकडेच दे.

तुझी,
गौतमी

*

महाड
२८ जून

गौतमे,

पत्राला शुद्धिपत्रक जोडणारी जगात तू एकटीच असशील. होस्टेलवर माझ्या प्रेमपत्रातल्या वेलांट्या तू सुधारायचीस, ते आठवलं. (तो मुलगा आता मुंब्र्याला आहे. त्याला दोन मुलं आहेत. वेलांट्या वाया गेल्या.)

तुला आजार आहे की नाही ते पत्रावरून सांगता येत नाही. मी डॉक्टर नाही, मी छातीला चिकटवण्या लावणारी बाई आहे. बुधवारी खाली ये. चांगूच्या जीपने निघालीस तर दहापर्यंत महाडात पोचशील. पट्टी मी काढीन, रक्त काढू, डॉक्टरांना दाखवू. घाबरू नकोस. तुझ्या वयाच्या मुली दर आठवड्याला येतात, तशीच छाती धरून.

आता माझं स्पष्ट मत. लोक तुला मानतात, यात रडण्यासारखं काय आहे? पहिल्या वर्षी तूच लिहायचीस, कोणी बोलत नाही, एकटं वाटतं. आता अख्खी वाडी तब्येत विचारायला येते. आमच्या बाजारपेठेत कोणी मेलं तरी चार दिवस कळत नाही. मान मिळतोय तर घे की.

आमच्याकडे सगळं ठीक. पाऊस आहे, नदी आपल्या जागी आहे. आई तुला सुकी मिरची देणार आहे.

शर्मिला

*

सडेवाडी
५ जुलै

प्रिय शर्मिला,

बुधवारी तू हात धरून बसलीस, त्याचे आभार मानायचे राहिले. पट्टी चांगली आली, रक्तातही काही निघालं नाही, आणि तरी मी बाहेर बाकावर बसून रडले, ते तुला विचित्र वाटलं असेल. डॉक्टरांचं एक वाक्य मी येताना घाटभर मनात घोळवत होते. ते म्हणाले, "तुझं हृदय चांगलं आहे. माणूस घाबरला की शरीर पळायची तयारी करतं. तू पळत नाहीस, म्हणून ते आतल्या आत पळतंय." हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण मग मला कसली भीती वाटते, ते मला कळायला हवं ना?

परत आले तर बायजा खिंडीत भिजत उभी होती. मला पाहून तिने जीपचा दरवाजा स्वतः उघडला. "आलात गो बाय. आमी समदी सकाळधरनं शाळंत बसलोय." वाडीत काहीही झालं नव्हतं. पाऊससुद्धा बेताचा. पण मी नाही म्हणून कोणी घरात थांबायला तयार नव्हतं. चुली पेटल्या नव्हत्या, गुरं तशीच बांधलेली. भैरूआबा शाळेच्या पायरीवर बसले होते. म्हणाले, "पावसाळ्याचं वाडी सोडू नका बाई. सांगून ठेवतो." रागावून नाही, अगदी मायेने म्हणाले. मला त्याचीच भीती वाटली.

मग त्यांनी विचारलं, "काळजाला दवा बिवा दिली नाय ना?"

मी म्हटलं, "रक्त तपासलं."

डॉक्टरांनी धडधडीवर दिलेल्या गोळ्या मी खडूंच्या खोक्यात ठेवल्या आहेत.

मान घे, असं तू लिहिलंस. तुला एक गोष्ट कधी सांगितली नव्हती. पहिलं वर्षभर बायजाकडे माझा कप वेगळा होता. चहा झाला की तो खिडकीत उपडा घातलेला असायचा. कोणी काही बोललं नाही, मीही बोलले नाही. दरड कोसळली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो कप आत, सगळ्यांच्या कपांत गेला. आता बायजा माझ्या हातचं कालवण मागून नेते. येसूबाई, भैरूआबांची म्हातारी, माझ्या केसांना तेल लावते. मला हे नको आहे असं नाही, शर्मिला. हवं आहे, म्हणून तर मला झोप येत नाही.

आणखी एक. आषाढात इथे वाडीची राखण देतात. पावसाळ्यात सांभाळ म्हणून शिवेवरच्या देवाला नारळ आणि कोंबडा. यंदा आबांनी ठरवलं आहे की एक नारळ माझ्यापुढे फोडायचा. "राखणदार तीच की आमची," म्हणाले, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या बाबांना हे कळलं तर काय होईल? ज्या घरात अंगठ्याच्या जागी पहिली सही माझ्या हातची झाली, त्या घरात बाबांनी एकच शिकवलं, आपण नवस बोलायचा नाही. त्यांच्या मुलीलाच लोक नवस बोलणार.

डॉक्टरांनी मंगळवारी सरकारी दवाखान्यात समुपदेशक बाईंकडे जायला सांगितलं आहे. मी कशी येऊ?

तुझी,
गौतमी

*

महाड
९ जुलै

गौतमी,

कपाचं वाचून मी पत्र खाली ठेवलं. मला माहीत नव्हतं. मी जे लिहिलं ते मूर्खासारखं लिहिलं.

तूही एक ऐक. 'नदी आपल्या जागी आहे' असं मी लिहिलं, ते खोटं नव्हतं, पण मी ते दिवसातून किती वेळा बघून येते ते लिहिलं नव्हतं. २०२१ ला नगरपालिकेचा भोंगा झाला, गाडी फिरली, वर जा म्हणून ओरडत गेली. आमचे अप्पा म्हणाले, दरवर्षी पाणी दुकानाच्या तिसऱ्या पायरीपर्यंत येतं, मला नका शिकवू. आम्ही अप्पांच्या शब्दावर बसून राहिलो. मग पत्र्यावर बसलो, दीड दिवस. तेव्हापासून भोंगा वाजला की माझी छाती तुझ्यासारखीच उडते. दवाखान्यात सगळ्यांच्या पट्ट्या मी काढते, माझी कधी काढली नाही.

म्हणून सांगते, हे हसण्यावारी नेऊ नकोस. उद्या खरोखर इशारा आला आणि तुझं काळीज गप्प असलं, तर ती माणसं घरात बसून राहतील, आमच्यासारखी. दरडीखाली गेलेलं ते तळीये तुझ्यापासून किती लांब आहे?

सांगून टाक त्यांना. भैरूआबांना गाठ, आणि पाण्याचं सांग. एवढंच.

तुझी,
शर्मिला

*

सडेवाडी
१४ जुलै

प्रिय शर्मिला,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं आणि शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी आबांकडे गेले. वाक्यं ठरवून गेले होते. आबा ओसरीवर दोर वळत होते, येसूबाई तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "आबा, माझ्या काळजाचं तुम्हाला खरं सांगायचं आहे." आणि ते म्हणताक्षणीच माझी छाती सुरू झाली. इतक्या जोरात की पदर हलत असावा. आबांनी वर पाहिलं. हातातला दोर टाकला.

"आबा, थांबा, तसं नाही..."

"बोलू नका बाई, समजलं!"

त्यांनी कोनाड्यातली परात घेतली आणि बडवत अंगणात गेले. मी मागून ओरडत होते, तसं नाही, तसं नाही. पण माझा चेहरा पांढरा, मग माझं कोण ऐकणार? सगळी वाडी धो धो पावसात शाळेकडे पळाली. बांधावर येसूबाईचा पाय घसरला. डावं मनगट मोडलं. तिला खुर्चीत बसवून चौघांनी खिंडीत नेलं, तिथून चांगूच्या जीपने पोलादपूरला.

डोंगर हलला नाही. कोणाला त्याचं काही वाटलं नाही. आबा म्हणाले, "येनार व्हता, आमी हललो म्हून परत फिरला." येसूबाई प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून मला म्हणाली, "हात गेला तर गेला गो, मानसं ऱ्हायली." तिने माझेच आभार मानले.

आता जे लिहिणार आहे ते फक्त तुला.

शनिवारी आणि रविवारी मी सकाळीच गोळी घेतली. येसूबाईकडे बघवत नव्हतं. रविवारी दुपारी खिंडीतून बातमी आली, तहसीलचा लाल इशारा आहे, आताच्या आता शाळेत जा. पाऊस असा होता की समोरचं घर दिसेना. मी दारोदार गेले. प्रत्येक घरी बायजा माझ्यासोबत, माझं मनगट धरून. आणि ती प्रत्येक घरी सांगत होती, "शांत हाय. बाईचं काळीज अगदी शांत हाय." लोक हसून पुन्हा चुलीशी बसले. कुणीतरी मलाच म्हणालं, "बसा, चा घ्या."

कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा माझं काळीज सरळ चालत होतं, आणि त्याच्यामुळे ती सगळी मरणार होती.

मी मनगट सोडवून घेतलं. छाती धरली. भिंतीला टेकून खाली बसले आणि म्हटलं, "उडतंय."

सगळी शाळेत गेली. झटक्यात. येसूबाईला उचलून नेलं.

काही पडलं नाही. आज सकाळी मी झऱ्यावर जाऊन आले, पाणी नितळ आहे. पण मला माझीच भीती वाटते आहे. काल मला एकदाही धडधडलं नाही, अगदी खोटं बोलतानासुद्धा.

गौतमी

*

महाड
१७ जुलै

गौतमी,

तू माणसं हलवलीस. कशी हलवलीस, ते डोंगर विचारायला येणार नव्हता. मला तर वाटतं, हाच उपाय आहे. इशारा आला की छाती धर आणि बस. उरलेला वेळ गोळी घे, झोप, मुलांना शिकव. पावसाळा संपला की बदलीचा अर्ज कर. तेव्हा जे काय खरं सांगायचं ते सांग.

तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू हे ऐकणार नाहीस. पण त्या राखणीला उभी राहून बोलायला जाऊ नकोस. पुन्हा छाती सुरू होईल, पुन्हा पळतील, आणि या वेळी मनगटावर भागायचं नाही.

तुझी,
शर्मिला

*

सडेवाडी
१९ जुलै

प्रिय शर्मिला,

तुझं म्हणणं मी काल दिवसभर खरंच धरून पाहिलं. त्यात एक खोट आहे. इशारा खिंडीत येतो. मी आजारी असले, रेंज गेली, किंवा मी चुकले, तर ही माणसं माझ्या तोंडाकडे बघत घरात बसतील. तुम्ही अप्पांच्या तोंडाकडे बघत बसलात तशी. आणि माझ्यानंतर दुसरी बाई येईल. तिचं काळीज कसं असेल कुणास ठाऊक.

आज सकाळी मी बायजाबरोबर झऱ्यावर गेले. छाती वाटेतच सुरू झाली. मी तिचा हात घेऊन छातीवर ठेवला. ती दचकून डोंगराकडे बघायला लागली. मी म्हटलं, "पळू नका. आधी पाणी बघा."

तिने ओंजळ भरली. पाणी नितळ होतं.

"हे उडतंय ते तुमच्या भीतीने," मी म्हटलं. "मी खरं सांगितलं की तुम्ही काय म्हणाल, याच्या भीतीने. डोंगराचं याला काही कळत नाही. बायजा, त्या दिवशी खिचडीचं पाणी कसं होतं?"

तिने ओंजळीतलं पाणी सोडून दिलं आणि म्हणाली, "तांबडं. गाळलेलं मी, पदरानं. लुगड्याचा डाग आजून गेला नाय."

"म्हणजे मी बघायच्या आधी तुम्ही बघितलं होतं."

"व्हय गो." तिने हंडा पन्हळीखाली लावला. "मंग येवढं वरीस आमी काय करत व्हतो? तुमचं मनगट धरून?"

मी रविवारचंही सांगितलं. उडत नव्हतं, मी खोटं बोलले. बायजाने माझ्याकडे पाहिलं नाही. भरलेला हंडा तिने कमरेवर घेतला आणि माझ्यापुढे निघाली. घरी पोचल्यावर तिने चहा केला, मला दिला, मी प्यायले. तिने कप धुतला. तो कुठे ठेवते, ते मी पाहिलं नाही. शर्मिला, मी मुद्दाम मान फिरवून बाहेर बघत राहिले.

दारातून निघताना ती एवढंच म्हणाली, "आबा माननार नाय. पन झऱ्यावर रोज म्याच जाते." म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

राखणीला सगळी वाडी माळावर जमते, लहानथोर. शाळा त्याच सोंडेवर आहे, त्यामुळे घाबरून पळायचं म्हटलं तरी तिथून पळायला जागा नाही. म्हणून मी तीच वेळ धरली आहे. सकाळी झऱ्याचं पाणी शाळेच्या काचेच्या बरणीत भरून नेईन. पहिलं वाक्य ठरलेलं आहे: आता माझं काळीज उडणार आहे, कुणी हलू नका. मग बरणी फिरवीन. काळीज उडत असेल आणि पाणी नितळ असेल, दोन्ही एकाच वेळी सगळ्यांना दिसेल. मग सांगेन की पाणी तांबडं दिसलं तर ज्याला दिसेल त्याने परात वाजवायची. आणि पाणी नितळ असलं तरी इशारा आला की निघायचं, कुणाचं मनगट न धरता. नारळ माझ्यापुढे फोडू नका, असं सगळ्यांत शेवटी सांगेन. त्याचंच मला जास्त भय वाटतं. त्यानंतर त्यांना माझी गरज उरणार नाही. मग मी कोण?

त्या दिवशी गोळी घेणार नाही. घेतली तर काळीज शांत राहील आणि मला जे दाखवायचं आहे ते दाखवता येणार नाही. तिथेच खाली पडेन असं वाटतं. पट्टी चांगली आली होती ना गं? पुन्हा एकदा लिहून पाठव, पट्टी चांगली आली होती म्हणून. चांगू सोमवारी वर येईल.

आणि जमलं तर तुझीही पट्टी काढून घे.

आता ही ओळ लिहितानाही उडतं आहे. तरी तारीख लिहून ठेवते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. मंगळवार, २२ जुलै, नारळ फुटायच्या आधी.

तुझी,
गौतमी